पळस्प्याचे भावे

पेणहून पनवेलला जाणारी एसटी पळस्पे फाट्यावर थांबते. तिथे पुण्याचा रस्ता एका अंगाला फुटतो आणि गोव्याचा दुसऱ्या. या फाट्यावरून मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब नाही. शिकायला असताना, नोकरीच्या ऑर्डरीसाठी, आईच्या दवाखान्यासाठी, पोरांच्या अॅडमिशनसाठी. कंडक्टर "पळस्पे, पळस्पे" असं ओरडून दाराची दोरी ओढायचा. चार माणसं उतरायची, सहा चढायची आणि खिडकीतून ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या आणि धुरळा दिसायचा. याच पळस्प्यात ६ नोव्हेंबर १८७१ रोजी विनायक लक्ष्मण भावे जन्मले, ही गोष्ट मला तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. आणि तोवर मी गावचं वाचनालय सात-आठ वर्षं चालवत होतो! आपल्या वाटेवरचं माणूसच आपल्याला ठाऊक नसतं.

भाव्यांबद्दल लिहायचं तर आधी मिठाबद्दल लिहायला हवं. का, ते पुढे कळेल.

आमचं गाव खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, मध्ये बांध, बांधाच्या आत भातशेती आणि खाडीच्या कडेनं मिठागरं. माझा आजा मिठागरात राबला. दसरा झाला की आगराची कामं निघायची. पावसाळ्यात साठलेलं गोडं पाणी उघाडीतून बाहेर काढायचं, फुटलेले बांध लिंपायचे आणि मग कोंड्यांची जमीन पायांनी तुडवायची. दिवस दिवस तुडवायची. जमीन दगडासारखी घट्ट झाली नाही, तर मिठात चिखल येतो आणि काळं मीठ कुणी घेत नाही. मग उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं आणि शेवटी कोंडीत सोडायचं. उन्हं तापली की पांढरी साय धरावी तसं मीठ धरतं. माघ-फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत मीठ ओढायचं काम चाले. आजाच्या तळव्यांना भेगा होत्या आणि त्या भेगांत मीठ बसायचं. संध्याकाळी आजी त्याच्या पायांना खोबरेल लावायची तेव्हा तो तोंडातून हूं का चूं काढत नसे, नुसता कुडाकडे बघत बसायचा.

आगर आमचं नव्हतं. आगराचे मालक वेगळे, शिलोत्रीदार वेगळे. आमच्या वाट्याला मजुरी. त्यामुळे मालक या शब्दाबद्दल आमच्या घरात फारसं प्रेम नव्हतं. चरीचा शेतकऱ्यांचा संप आमच्या पलीकडच्याच अंगाला, अलिबागच्या खारेपाटात झाला. १९३३ साली सुरू झाला आणि पाच-सहा वर्षं चालला. खोताची जमीन कसायची नाही, उपाशी मरू पण कसायची नाही, म्हणून माणसांनी जंगलातली लाकडं तोडून पोटं भरली. त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. हे सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या माणसाचे गुण मी गाणार आहे तो मिठागरवाला होता. आमच्यासारखा पाय भाजणारा नव्हे, धंदा करणारा.

आता पोथ्यांची गोष्ट.

आमच्या घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा होता. आजाचा आजा भजनात वीणा धरायचा, त्याला कुणा गोसाव्यानं त्या पोथ्या दिल्या म्हणत. दसऱ्याला गठ्ठा खाली यायचा, त्यावर हळदकुंकू आणि आपट्याची पानं पडायची, आणि परत माळ्यावर जायचा. उघडायचा कुणी नाही. वाचता येणारं घरात कुणी नव्हतंच. १९६७ च्या पावसाळ्याआधी आजा वारला. दिवसपाणी उरकल्यावर बाबांनी घर झाडलं. गठ्ठ्याला वाळवी लागली होती. देवाचं पान पायदळी येऊ नये, चुलीत तर घालता येत नाही, तेव्हा पाण्यात सोडायचं असं ठरलं. मी सातवीत होतो. गठ्ठा माझ्या डोक्यावर दिला, म्हणजे पुण्याचं काम पोराच्या हातून होईल.

बांधावर बाबा बिडी पेटवायला थांबले तेवढ्यात मी फडकं सोडलं. लांबट, आडवी, तपकिरी पानं. शाई मात्र काळीभोर. अक्षर आपलंच, बाळबोध, पण शब्द तोडलेले नव्हते. सगळी ओळ एका लांब मालगाडीसारखी जोडलेली. मी बोट ठेवून वाचू लागलो आणि दोन-तीन शब्द सुटे झालेही. कुठले ते आज आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाबा म्हणाले, "चल आता, ओहोटी लागली." मी गठ्ठा सोडला. तो लगेच बुडाला नाही. पानं सुटी होऊन उघाडीपासून खाडीकडे गेली, माशांच्या थव्यासारखी.

बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी भक्तीनंच केलं ते. आणि ती पोथी काही फार मोठी असेल असंही नाही. हरिविजयाची किंवा पांडवप्रतापाची हजारावी नक्कल असेल. असेलही, नसेलही.

पुढे मी मास्तर झालो. १९७४ च्या सुमाराला गावात आम्ही पाच-सहा पोरांनी वाचनालय काढलं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात एक लाकडी कपाट, त्यात एकशे बारा पुस्तकं. निम्मी पनवेलच्या रद्दीवाल्याकडची, बाकीची मुंबईला गिरणीत असलेल्या गाववाल्यांनी दिलेली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आम्ही खटपटी करून ड वर्गात शिरलो. ड म्हणजे शेवटचा, पण आमच्यासाठी ती बोर्डातली पहिली श्रेणी होती. अनुदानाचा हप्ता यायचा तेव्हा यायचा. तोवर दिव्याचं तेल, वर्तमानपत्राचं बिल हे ज्याच्या खिशात पैसे असतील त्याच्या खिशातून जायचं. बहुतेक वेळा माझ्याच, कारण महिन्याला पगार येणारा मी एकटा.

एक गोष्ट मला त्या काळात खूप सतवायची. तपासणीला येणारे विचारायचे, "वाचक किती? देवघेव किती?" बरोबर आहे त्यांचं, अनुदान सरकारचं. पण मग आम्हीही तसाच विचार करायला लागलो. जे पुस्तक दोन वर्षांत कुणी नेलं नाही ते निरुपयोगी. कपाट एकच. तेव्हा एका उन्हाळ्यात आम्ही चाळीसेक जुनी पुस्तकं बाद करून रद्दीत घातली आणि रहस्यकथा आणल्या. देवघेव दुप्पट झाली. मला वाटलं, मोठं काम केलं.

त्यानंतर वर्षभरात ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या एका शिबिराला गेलो. तिथं एका वयस्क वक्त्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची कथा सांगितली. १ जून १८९३ ला हे संग्रहालय निघालं. केवळ मराठी पुस्तकांसाठी काढलेलं ते पहिलं. काढणाऱ्यांत पुढे होता एकवीस वर्षांचा पोरगा. आणि मग ते सहज म्हणाले, "भाव्यांचा धंदा मिठागरांचा. गाव तुमच्याच बाजूचं, पळस्पे."

मी मान वर केली. मीठ आणि पळस्पे! शिबिरात नंतर काय झालं मला आठवत नाही.

१८९३ साली केवळ मराठी पुस्तकांचं ग्रंथालय म्हणजे काय, हे आज समजायला जरा अवघड जातं. तेव्हा मोठ्या गावांतून ग्रंथालयं नव्हती असं नाही. लोकहितवादींच्या पिढीनं १८४८ साली पुण्यात ग्रंथालय काढलं होतं, आणि त्यानंतर गावोगाव 'नेटिव्ह जनरल लायब्ऱ्या' निघाल्या. पण त्यांच्या कपाटांत मान इंग्रजी पुस्तकांचा. मराठी बुकं म्हणजे बायकापोरांसाठी, फावल्या वेळाला. मुंबई युनिव्हर्सिटीच्या वरच्या परीक्षांतून मराठी तर काढूनच टाकलेली होती. ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे झटत होते. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीतून टिपण लिहिलं ते याच खटपटीत. मराठीत शिकवण्याजोगं आहे तरी काय, या प्रश्नाला आकडे आणि नावं देऊन उत्तर द्यावं लागत होतं. एम.ए.ला मराठी आली ती विसावं शतक उजाडताना.

अशा वेळी ठाण्यातल्या या पोरांनी ठरवलं की मराठीत जे जे छापलं गेलं ते ते गोळा करायचं. चांगलं-वाईट नंतर बघू. भाव्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट हीच. ग्रंथालय म्हटलं की आपण वाचकाच्या सोयीचा विचार करतो आणि करायलाच हवा. पण भाव्यांनी पुस्तकाच्याही सोयीचा विचार केला. ज्याला आज वाचक नाही त्या पुस्तकानं राहावं कुठं? १८६७ च्या आधीची छापील पुस्तकं, ज्यांना जाणकार दोलामुद्रितं म्हणतात, म्हणजे छपाईच्या पाळण्यातली बाळं, ती आज बघायला मिळतात ती ठाणे-मुंबईच्या अशा संग्रहालयांत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्याच्या मागून पाच वर्षांनी, १८९८ साली निघालं. त्या त्या वेळी ही पुस्तकं म्हणजे रद्दीच होती. मी बाद केलेल्या चाळिसांसारखी.

भावे सायन्सचे पदवीधर. बी.एस्सी. झालेला माणूस त्या काळात सहज सरकारी खात्यात चढला असता. हे मिठाच्या धंद्यात राहिले. या धंद्याचीही तेव्हाची तऱ्हा ऐका. ज्या वर्षी ग्रंथालय निघालं त्या वर्षी मिठावरचा सरकारी कर मणाला दोन रुपये आठ आणे होता. मीठ पिकवायला खर्च काही आण्यांचा, कर रुपयांचा. आगरावर मीठ खात्याचे शिपाई बसलेले, कर भरल्याशिवाय मूठभर मीठ हलायचं नाही. आमच्या आजाच्या तोंडी त्या शिपायांच्या गोष्टी होत्या. मजूर संध्याकाळी घरी जाताना धोतराचा सोगा झटकून दाखवायचे. भाव्यांच्या वह्यांत एका बाजूला मणांचे आणि रुपयांचे हिशेब असतील आणि दुसऱ्या बाजूला मुक्तेश्वर, वामन पंडित यांच्या पोथ्यांच्या याद्या. हे चित्र मी मनानंच रंगवलं आहे, पण त्यांचं आयुष्य याच दोन बाजूंनी गेलं एवढं खरं.

कारण छापील पुस्तकांवर हा माणूस थांबला नाही. छापलेलं निदान दोन-चार ठिकाणी तरी असतं. हातानं लिहिलेली पोथी एकदा गेली की गेली. अशा पोथ्या होत्या मठांत, देवळांत, जुन्या वाड्यांच्या आणि आमच्यासारख्यांच्या घरांच्या माळ्यांवर, लाल फडक्यात. भाव्यांनी त्या शोधायला, मिळवायला, एकमेकींशी ताडून बघायला सुरुवात केली. १९०३ साली त्यांनी 'महाराष्ट्र कवि' नावाचं मासिक काढलं, कशासाठी, तर जुन्या कवींचं काव्य जुन्या पोथ्यांवरून, शक्यतो जसंच्या तसं छापावं म्हणून. आधीच्या काही छापणाऱ्यांनी जुनी भाषा 'शुद्ध' करून टाकली होती. नव्या वाचकाला अडू नये म्हणून शब्द बदलले, रूपं बदलली. भाव्यांना ते पटत नव्हतं. सायन्स शिकलेल्या माणसाचा हा गुण असावा: नमुना जसा सापडला तसा ठेवा, मग बोला. असं मासिक चालणार किती? चार-पाच वर्षांत थांबलं. धंद्यातला पैसा अशा कामांत जात राहिला.

त्यांचा मोठा ग्रंथ 'महाराष्ट्र सारस्वत'. आधी तो विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' मासिकातून १८९८-९९ च्या सुमाराला निबंधासारखा आला, पुढे पुस्तक झाला, आणि १९१९ साली पुष्कळ वाढवून नव्यानं निघाला. मराठीच्या जुन्या वाङ्मयाचा सलग इतिहास एका माणसानं, धंदा सांभाळून, बऱ्याच अंशी स्वतः मिळवलेल्या पोथ्यांवरून लिहिला. महानुभावांच्या पोथ्या शेकडो वर्षं सांकेतिक लिपीत होत्या. पंथाबाहेरच्याला अक्षर लागत नसे. त्या लिप्या उलगडून ते धन लोकांपुढे आणण्यात राजवाड्यांचं आणि भाव्यांचं नाव घ्यावं लागतं. हे कळल्यावर भाव्यांनी नव्या आवृत्तीत महानुभावांना जागा केली. आपण आधी लिहिलेला इतिहास अपुरा ठरला तर तो पुन्हा लिहायला बसणं, हे लेखकाला सोपं जात नाही. मी एक साधं गावचं दप्तर लिहितो, त्यातली चूक दाखवली तरी मला राग येतो.

पुस्तकात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. कालनिर्णय पुढच्या संशोधकांनी बदलले. कवीवर प्रेम बसलं की भाव्यांची लेखणी आवरत नाही, आणि नाही बसलं की तो कवी चार ओळींत जातो. म्हणूनच पुढे शं. गो. तुळपुळे यांना त्याला भली मोठी पुरवणी जोडावी लागली. पण पुरवणी जोडावीशी वाटली हेच बघा. टाकून द्यावंसं कुणाला वाटलं नाही.

मी शिबिरानंतर महिन्याभरात ठाण्याला गेलो. शनिवारी अर्धी शाळा करून निघालो आणि संध्याकाळी पोचलो. मी खेड्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयातून आलोय असं सांगितल्यावर तिथल्या बाईंनी मला 'सारस्वत'ची पुरवणीसकट असलेली प्रत काढून दिली आणि म्हणाल्या, "बसा गुरुजी, आठ वाजेपर्यंत वाचा." पंख्याखाली बसून मी ते जाड पुस्तक मधूनच उघडलं. कुठल्याही मास्तराला असते तशी खोड, आधी नावं बघायची. आपल्या भागातलं, आपल्या लोकांपैकी कुणी आहे का? ब्राह्मण आहेत, शिंपी, कुंभार, माळी, सोनार संत आहेत. आगरी? कोळी? मला नाही सापडला कुणी. मन जरा खट्टू झालं. वाटलं, शेवटी मालकाचंच पुस्तक.

मग महानुभावांच्या पानांवर आलो आणि तिथं शब्द दिसला: महदंबेचे धवळे.

तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर सांगतो. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. म्हातारी बाई असते, बहुधा विधवा. मांडव, हळद, घाणा, तेल, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो तिनं गायचा. धवलारणीवाचून लग्न लागलं असं आमच्यात कुणी म्हणणार नाही. माझी आजी धवलारीण होती. पंचक्रोशीत तिला बोलावणं यायचं. लहानपणी मी तिचं बोट धरून मांडवामांडवांतून फिरलोय, गूळखोबऱ्याच्या आशेनं. ती गायची ती गाणी मला अडाण्यांची वाटायची. मास्तर झाल्यावर तर लाजच वाटायची. माझ्या स्वतःच्या लग्नात मी तिला म्हटलं होतं, "थोडक्यात आटप." ती काही बोलली नाही. आटपलं तिनं.

आणि इथं ठाण्यात, पंख्याखाली, छापील पुस्तकात लिहिलेलं की मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात ती महदंबा, तेराव्या शतकातली, आणि तिनं रचले ते धवळे. लग्नात गायची गाणी. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. तोच शब्द! आम्ही ळ चा ल करतो एवढाच फरक. सातशे वर्षं हा शब्द दोन वाटांनी चालत आला होता. एक वाट सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांतून, मठांच्या पेट्यांतून, आणि दुसरी मिठागरात पाय भाजणाऱ्यांच्या बायकांच्या गळ्यातून. पहिली वाट सापडली कारण राजवाडे-भाव्यांसारखी माणसं तिच्या मागे लागली. दुसरीच्या मागे लागायला कुणी नव्हतं. घरचा मास्तर होता, तो म्हणाला थोडक्यात आटप.

आठ वाजता बाईंनी दिवे घालवायला घेतले. शेवटची एसटी चुकली. रात्र ठाणे स्टेशनात बाकावर काढली.

घरी येऊन आजीपुढे वही घेऊन बसलो. तिला दिसत नव्हतं नीट. ऐकू यायचं.

"काय लिवतंस रं?"

"तुझे धवले."

ती हसली. "बाला, यी गानी मांडवान बोलाची. कागदाव लिवून तू काय करशील?"

मला उत्तर देता येईना. मग मी तिला भाव्यांची गोष्ट सांगितली. पळस्प्याचा एक माणूस होता, मिठाचा धंदा होता त्याचा, आणि तो लोकांच्या माळ्यावरच्या पोथ्या गोळा करत फिरला. तिनं विचारलं, "आगर कुठं होता त्याचा?" मला सांगता आलं नाही. मग म्हणाली, "आपली व्हती ती पोथी, ती नेली असती का त्यानं?" मी म्हटलं, नेली असती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिव."

सोपं नव्हतं. ती सांगायला बसली की अडायची. मांडव नाही, हळद नाही, समोर नवरी नाही, तर ओळ कशी सुचणार? शेवटी शेजारची एक पोरगी समोर पाटावर बसवली, तिच्या अंगाला हळदीचं बोट लावलं, तेव्हा आजीचा गळा सुटला. मी लिहीत होतो आणि हात पुरत नव्हता. इथं भाव्यांचं ऐकलं. एक शब्द बदलला नाही. जो कळला नाही तोही जसा कानावर आला तसा लिहिला. 'शुद्ध' करायची खाज मास्तराला किती असते, ते मास्तरच जाणे. दोन वह्या भरल्या, तिसरी निम्मी झाली. घाण्याचा आणि हळदीचा सगळा आला, मांडवाचा अर्धा राहिला. शिमग्यानंतर आजी गेली.

भावे १२ सप्टेंबर १९२६ ला गेले. पंचावन्नही पुरी झाली नव्हती. त्यांच्या मागं ग्रंथसंग्रहालय चाललं, वाढलं. १९९३ साली त्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. आमची मिठागरं त्या वेळेपर्यंत जवळजवळ संपली होती. खाडीचे बांध फुटले, कुणी दुरुस्त केले नाहीत, कोंड्यांत तिवरं उगवली. स्वस्त मीठ गुजरातेतून येतं. माझ्या नातवाला मीठ ओढणं म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागतं.

पळस्प्याला मात्र मी एकदा खास उतरलो. गावात फिरलो. भाव्यांचं घर कुठलं, विचारलं. एका दुकानदारानं विचारलं, "कोण, ते प्लॉटवाले भावे का?" मी म्हटलं, नव्हे, आणि चहा पिऊन पुढची गाडी धरली. राग नाही आला. तिशीपर्यंत मला तरी कुठं माहीत होतं?

त्या तीन वह्या बरीच वर्षं माझ्या पेटीत होत्या. निवृत्त झाल्यावर, वाचनालयाची किल्ली तरुण पोरांच्या हाती देण्याआधी, मी त्या कपाटात ठेवायचं ठरवलं. दाखल-रजिस्टर काढलं. पुढचा नंबर होता २३४७. ग्रंथनामाच्या रकान्यात 'धवले, वह्या ३' लिहिलं. लेखकाच्या रकान्यात आजीचं नाव लिहिलं, पहिल्यांदाच कुठल्या तरी कागदावर लिहिलं गेलं असेल ते, रेशनकार्ड सोडून. प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं असे रकाने भरत गेलो. किंमतीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिथं काहीतरी लिहावं लागतं, नाहीतर तपासणीला अडतं.

मी 'देणगी' असं लिहिलं आणि सही केली.